ईआरए तपासणी आणि भ्रूण प्रत्यारोपणाची वेळ: दोन अपयशांनंतर आधी काय पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. गडहिंग्लज तालुक्यातील एक शिक्षिका, वय ३३, लग्नाला आठ वर्षे झालेली, यजमान कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. कोल्हापुरातील एका केंद्रात त्यांच्यावर टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार झाले. पहिल्या वेळी स्त्रीबीजे काढल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याच चक्रात दोन भ्रूण सोडले. गर्भधारणा झाली नाही. दुसऱ्या वेळी गोठवून ठेवलेला सहाव्या दिवसाचा एक ब्लास्टोसिस्ट (म्हणजे पाच-सहा दिवस वाढलेला भ्रूण) सोडला. गर्भधारणा झाल्याचे दाखवणारे रक्तातील संप्रेरक, बीटा एचसीजी, थोडे वाढले आणि आठवडाभरात उतरले. तीन ब्लास्टोसिस्ट अजून गोठवलेले आहेत. पुढच्या प्रत्यारोपणापूर्वी केंद्राने ‘ईआरए’ ही गर्भाशयाच्या अस्तराची जनुकीय तपासणी सुचवली आहे. ती करावी का, तिने यशाची शक्यता वाढते का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. आणि या तपासणीत मुलगा की मुलगी हेही कळते का, असे त्यांच्या सासूबाईंनी विचारले आहे. शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे, की तीन वर्षांपूर्वीच्या एचएसजीच्या (गर्भनलिकांच्या एक्स-रे तपासणीच्या) अहवालात डावी नळी ‘फुगलेली व टोकाला बंद’ असल्याचा उल्लेख होता, परंतु टेस्ट ट्यूबच्या उपचारात नळीचा संबंध येत नाही असे सांगून तो विषय बाजूला ठेवण्यात आला.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या शेवटच्या वाक्यात दिसते. ईआरए तूर्त करू नये, आणि डाव्या नळीचा निकाल लागेपर्यंत उरलेल्या तीन भ्रूणांपैकी एकही बाहेर काढू नये, असे माझे मत आहे. हे मत का, ते सविस्तर सांगते, कारण ही तपासणी नाकारतानाही ती काय आहे हे तुम्हाला नीट ठाऊक असले पाहिजे. नुसत्या ‘नको’वर कोणी निर्णय घेऊ नये.

गर्भाशयाचे अस्तर महिनाभर सारखे नसते. पाळीनंतर इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली ते वाढते, आणि स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन सुरू झाले की त्याचे स्वरूप पालटून काही दिवसांपुरतेच ते भ्रूणाला रुजू देण्याच्या स्थितीत येते. २८ दिवसांच्या पाळीत हा काळ साधारणपणे १९व्या-२०व्या दिवसापासून चार-पाच दिवसांचा धरला जातो. विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली नैसर्गिक गर्भधारणांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्के गर्भधारणांत भ्रूण स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतरच्या आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजला होता, आणि त्याहून उशिरा रुजलेल्या भ्रूणांत गर्भ न टिकण्याचे प्रमाण वाढत गेले होते. म्हणजे वेळेला महत्त्व आहे, याबद्दल कोणाचे दुमत नाही.

ही वेळ सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याचा प्रयत्न जुना आहे. नॉइज, हर्टिग आणि रॉक यांनी १९५० साली अस्तराचा तुकडा पाहून पाळीचा दिवस सांगण्याची पद्धत मांडली आणि पुढची पन्नास वर्षे जगभरातील पॅथॉलॉजिस्ट तीच वापरत राहिले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी मात्र दाखवून दिले, की या पद्धतीने मूल असलेल्या आणि मूल होत नसलेल्या स्त्रियांच्या अस्तरांत भेद करता येत नाही. त्यानंतर २०११ साली स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील कार्लोस सिमोन यांच्या गटाने पेशींच्या रूपाऐवजी जनुकांचे काम मोजण्याची पद्धत आणली. अस्तरातील २३८ जनुकांपैकी कोणते किती सक्रिय आहे, हे त्यांच्या आरएनएवरून मोजायचे आणि संगणकाच्या साहाय्याने त्या नमुन्याला ‘ग्रहणक्षम’, ‘ग्रहणक्षमतेपूर्वीचा’ किंवा ‘ग्रहणक्षमतेनंतरचा’ असे नाव द्यायचे, हे या तपासणीचे सार होय.

प्रत्यक्षात ती कशी होते, ते पाहा. ज्या महिन्यात भ्रूण सोडायचा नाही, अशा एका महिन्यात प्रत्यारोपणाचीच सर्व औषधे दिली जातात. आधी इस्ट्रोजेनच्या गोळ्या, अस्तर सात मिलिमीटरच्या वर आणि तीन रेघांचे दिसू लागले की प्रोजेस्टेरॉन, आणि त्याच्या पहिल्या मात्रेपासून १२० तासांनी बारीक प्लॅस्टिकच्या नळीने अस्तराचा छोटा तुकडा ओढून घेतला जातो. भूल लागत नाही. पाळीसारखी कळ येते, काहींना बरीच जोरात येते. तो तुकडा आरएनए टिकवणाऱ्या द्रवाच्या कुपीत टाकून कुपी चांगली हलवावी लागते, काही तास फ्रीजमध्ये ठेवावी लागते आणि मग ती कुरिअरने प्रयोगशाळेत जाते. तुकड्यात नुसते रक्त किंवा शेंब आली, तर अहवालाऐवजी ‘नमुना अपुरा’ असा निरोप येतो आणि पुन्हा एक महिना जातो. अहवाल ‘ग्रहणक्षमतेपूर्वीचा’ आला, तर पुढच्या महिन्यात १२० तासांऐवजी १३२ किंवा १४४ तासांनी भ्रूण सोडण्याचा सल्ला मिळतो. हा बारा ते चोवीस तासांचा आकडा ध्यानात ठेवा. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. या तपासणीत भ्रूणाला हातही लावला जात नाही. तपासले जाते ते तुमच्या गर्भाशयाचे अस्तर, आणि त्यातही तुमच्या आनुवंशिकतेचा शोध नसून त्या दिवशी त्या पेशी काय काम करीत होत्या याची नोंद असते. पतिपत्नींच्या रक्तावरून होणारी गुणसूत्रांची तपासणी वेगळी, भ्रूणाच्या काही पेशी काढून गुणसूत्रांची संख्या पाहणारी पीजीटी-ए वेगळी आणि ही वेगळी. ‘जनुकीय’ हा शब्द तिन्हींना लागत असल्यामुळे घरोघरी गोंधळ होतो. भ्रूणाच्या तपासणीत लिंगाची गुणसूत्रे प्रयोगशाळेला दिसू शकतात, परंतु ती माहिती कोणाला सांगणे अथवा तिच्यावरून भ्रूण निवडणे हा १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली गुन्हा आहे. सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवलेल्या आपल्या जिल्ह्यात याहून अधिक सांगण्याची गरज नसावी. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेले बरे. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या.

आता पुराव्याकडे वळू. २०१३ साली याच स्पॅनिश गटाने वारंवार अपयश आलेल्या स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांचे अस्तर नेहमीच्या दिवशी ग्रहणक्षम नसल्याचे प्रसिद्ध केले, आणि तेथून ही तपासणी जगभर पसरली. परंतु अस्तर ग्रहणक्षम नाही असे यंत्राने म्हणणे आणि वेळ बदलल्यावर अधिक बाळे जन्माला येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध करायची तर स्त्रियांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी करावी लागते. २०२० साली त्याच गटाने अशी विभागणी करून केलेला, ४५८ रुग्णांचा, अनेक केंद्रांतील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वाटणी झालेल्या सर्वांचा हिशेब धरला, तर जिवंत बाळंतपणांत अर्थपूर्ण फरक दिसला नाही. मध्येच गळालेल्यांना वगळून उरलेल्यांचा हिशेब केला तेव्हा तपासणीची बाजू उजवी दिसली. गळालेल्यांची संख्या मोठी असल्यामुळे या दुसऱ्या हिशेबावर बरीच टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते.

निर्णायक म्हणावा असा प्रयोग अमेरिकेत झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गुणसूत्रे तपासून निर्दोष ठरलेले गोठवलेले ब्लास्टोसिस्ट ज्यांच्याकडे होते, अशा ७६७ स्त्रियांची दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटात अहवालानुसार वेळ बदलली, दुसऱ्या गटात अहवाल काहीही असला तरी नेहमीच्याच वेळी भ्रूण सोडला. वेळ बदललेल्या गटात ५८.५ टक्के आणि न बदललेल्या गटात ६१.९ टक्के स्त्रियांना बाळ झाले. हा फरक नगण्य आहे, आणि जो काही आहे तो तपासणीच्या बाजूनेही नाही. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या ‘एश्रे’ या संघटनेने २०२३ साली अशा जोड-तपासण्यांबद्दल जी मार्गदर्शक टिपणी काढली, तिनेही ही तपासणी सरसकट करण्याची शिफारस केलेली नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की अमेरिकेतील प्रयोग वारंवार अपयश आलेल्या स्त्रियांवरचा नव्हता. त्यामुळे पाच-सहा उत्तम भ्रूण वाया गेलेल्या एखाद्या विरळ रुग्णाबाबत तो शेवटचा शब्द ठरत नाही. परंतु तुम्ही त्या गटात बसत नाही.

‘अमक्यांच्या सुनेला ईआरए केल्यावरच राहिले’ असे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ते खोटे नसते. मात्र त्या सुनेला तपासणी न करता तिसरा भ्रूण सोडला असता तरी राहिले असते का, हे कोणालाच पाहता आलेले नसते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ४,४२९ स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात गर्भाशयाची पोकळी निर्दोष असलेल्या स्त्रियांना गुणसूत्रांनी निर्दोष असे भ्रूण एकामागून एक सोडले, तेव्हा तिसऱ्या प्रयत्नापर्यंत सुमारे ९५ टक्के स्त्रियांच्या बाबतीत भ्रूण रुजला. पहिल्या-दुसऱ्या अपयशानंतर जी काही गोष्ट करावी तिला यशाचे श्रेय मिळते, याचे कारण यात आहे. अस्तर ओरखडण्याची पद्धत काही वर्षांपूर्वी आपल्याकडेही सर्रास चालत होती, अनेकींनी तिला श्रेय दिले होते. २०१९ साली १,३६४ स्त्रियांचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि ओरखडलेल्या व न ओरखडलेल्या दोन्ही गटांत बाळंतपणे २६.१ टक्केच निघाली.

तुमची दोन अपयशे मी जशी वाचते, ती अशी. पहिले प्रत्यारोपण बीजे काढलेल्या चक्रातच झाले. त्या चक्रात इंजेक्शनांनी अनेक बीजे वाढवलेली असतात, आणि बीजे पक्व करणारे शेवटचे ‘ट्रिगर’चे इंजेक्शन देण्याच्या दिवशीच प्रोजेस्टेरॉन दीड नॅनोग्रॅमच्या वर गेले असेल तर अस्तर भ्रूणाच्या पुढे धावते. वेळ चुकण्याचा हा खरा आणि नेहमी आढळणारा प्रकार आहे. पण तो त्या चक्रापुरता असतो, तो ओळखायला रक्ताची साधी तपासणी पुरते आणि अशा वेळी सर्व भ्रूण गोठवून ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे. तुमच्या फाइलमध्ये त्या दिवसाचा आकडा असेल तर पाहा. शिवाय ते भ्रूण तिसऱ्या दिवसाचे होते. तिसऱ्या दिवशी चांगले दिसणाऱ्या भ्रूणांपैकी बरेच पाचव्या दिवसापर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून त्या अपयशाचे वजन ब्लास्टोसिस्टच्या अपयशाएवढे धरता येत नाही.

दुसऱ्या वेळी बीटा एचसीजी वाढला होता, ही या प्रकरणातील महत्त्वाची गोष्ट आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालेले दिसते. भ्रूणाने अस्तरात शिरकाव केल्याशिवाय हे संप्रेरक आईच्या रक्तात उतरत नाही. म्हणजे त्या चक्रात, भ्रूण तेव्हा ज्या वेळी सोडला त्या वेळेलाही, तुमच्या अस्तराने त्याला आत घेतले होते. नंतर गर्भ टिकला नाही. तो न टिकण्याचे सर्वांत संभाव्य कारण भ्रूणाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते; तिशीच्या मध्याकडे झुकलेल्या स्त्रीच्या ब्लास्टोसिस्टपैकी साधारण तिसरा हिस्सा असा सदोष निघतो आणि चाळिशीनंतर हे प्रमाण निम्म्याच्याही वर जाते. दुसरे संभाव्य कारण तुमची डावी नळी.

नळी टोकाला बंद झाली की तिच्यात द्रव साठतो, तिला आम्ही हायड्रोसाल्पिंक्स म्हणतो. टोक बंद असले तरी गर्भाशयाकडचे तोंड बहुधा उघडेच असते, आणि तो द्रव थोडा थोडा गर्भाशयाच्या पोकळीत उतरत राहतो. तो भ्रूणाला मानवत नाही, अस्तरालाही मानवत नाही, आणि क्वचित भ्रूणाला जागेवरून वाहूनही नेतो. टेस्ट ट्यूबच्या उपचारात नळीतून भ्रूण जात नाही हे खरे. म्हणून नळीचा संबंध येत नाही, हे मात्र चूक आहे. अशी नळी तशीच ठेवून केलेल्या प्रत्यारोपणांत गर्भधारणेचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते, हे १९९८-९९ मधील एकत्रित विश्लेषणांनी दाखवले. स्ट्रँडेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली स्कॅन्डिनेव्हियातील केंद्रांत चिठ्ठ्या टाकून जो प्रयोग केला, त्यात आधी नळी काढलेल्या गटात सुमारे २९ टक्के आणि न काढलेल्या गटात सुमारे १६ टक्के स्त्रिया बाळंत झाल्या. नळी सोनोग्राफीत दिसण्याइतकी फुगलेली असेल तर फायदा अधिकच स्पष्ट होता. ईआरएचे आकडे याच्या शेजारी ठेवून पाहा.

किरणोत्सवाच्या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचले नाहीत, तर कोल्हापूरकर आधी वाटेत कोणते बांधकाम आले, धुके होते का, हे पाहतात. सूर्याची तारीख चुकली असे कोणी म्हणत नाही. तुमच्या बाबतीत आधी वाट मोकळी झाली पाहिजे.

त्यासाठी पाळीनंतरच्या आठवड्यात एकदा आणि स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या सुमारास एकदा योनीमार्गे सोनोग्राफी करून घ्या, आणि ती करणाऱ्यांना डाव्या नळीविषयी आधी सांगा. लांबट, वळलेल्या पिशवीसारखी नळी आणि पोकळीतील पाण्याची बारीक रेघ शोधली तरच सापडते. एचएसजी तीन वर्षांपूर्वीची असल्यामुळे उजवीचीही खात्री करावी लागेल. नळी फुगलेली असल्याचे नक्की झाले, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ती काढून टाकणे किंवा आतडी फार चिकटलेली असल्यास गर्भाशयाकडचे तोंड क्लिपने बंद करणे, हे दोन्ही मार्ग मान्य आहेत. नळी काढताना अंडाशयाच्या रक्तपुरवठ्याला धक्का लागण्याची भीती असते, पण तुमचे भ्रूण आधीच गोठवलेले असल्यामुळे ती चिंता तुमच्या बाबतीत कमी आहे. त्याच भुलेत गर्भाशयाच्या पोकळीत दुर्बीण घालून पाहता येते. एक-दोन पाळ्या जाऊ दिल्या की प्रत्यारोपण करता येते. नळी काढायची म्हटल्यावर घरात ‘मग आपोआप कधीच राहणार नाही’ अशी कुजबुज सुरू होते. टोकाला बंद असलेल्या नळीतून आपोआप राहण्याची शक्यता आधीच जवळजवळ संपलेली असते, आणि उजवी चांगली निघाली तर ती आहे तशीच राहणार आहे.

आपल्या भागात फुगलेली नळी दिसली की क्षयरोगाचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जननमार्गाच्या क्षयात नळ्यांना जवळजवळ प्रत्येक रुग्णात बाधा होते, अस्तराला सुमारे निम्म्या रुग्णांत. खोकला, ताप, वजन घटणे यांपैकी बहुधा काहीही नसते आणि पाळीही बऱ्याचदा नियमित असते. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी पोटातील दृश्याची छायाचित्रे मागून घ्या, काढलेली नळी आणि पाळीपूर्वीच्या दिवसांतील अस्तराचा तुकडा पॅथॉलॉजीला, क्षयजंतूंच्या संवर्धनाला आणि जीनएक्सपर्ट या क्षयजंतू शोधणाऱ्या जलद तपासणीला पाठवला जाईल याची आधीच खात्री करा. सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये बुडवला तर संवर्धन होत नाही, ही चूक शस्त्रक्रियागृहात सहज घडते. दोन कुप्या लागतात, एक फॉर्मेलिनची आणि एक साध्या सलाइनची. उलट बाजूही तितकीच खरी आहे: केवळ एका पीसीआर अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ लिहून आले म्हणून सहा महिने औषधे सुरू करणे योग्य नाही. दुर्बिणीतील दृश्य, पॅथॉलॉजी आणि जंतूंचा पुरावा एकत्र पाहून निर्णय व्हावा. औषधे घ्यावी लागलीच तर राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ती कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही विनामूल्य मिळतात, आणि ती पूर्ण होईपर्यंत भ्रूण गोठलेले राहण्यात काही नुकसान नाही. कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात.

आता त्या बारा-चोवीस तासांकडे. गोठवलेल्या भ्रूणाच्या चक्रात अस्तराचे घड्याळ प्रोजेस्टेरॉनच्या पहिल्या मात्रेला सुरू होते. समजा, तुम्हाला ‘सोमवारपासून सुरू करा, पाच दिवसांनी या’ असे सांगितले. सोमवारी रात्री नऊला पहिली मात्रा घेतली आणि शनिवारी सकाळी अकराला भ्रूण सोडला, तर ११० तास होतात. सोमवार हाच पहिला दिवस मोजून शुक्रवारी अकराला सोडला, तर ८६ तासच होतात. आणि सोमवारी सकाळी नऊला सुरू करून शनिवारी अकराला सोडला, तर १२२. एकाच कागदावरील एकाच सूचनेतून छत्तीस तासांचा फरक निघाला, आणि इतकी महागडी तपासणी करून जी दुरुस्ती मिळते ती बारा ते चोवीस तासांची. म्हणून मी रुग्णाच्या कागदावर वार लिहीत नाही, तारीख आणि वेळ लिहिते, आणि पहिली मात्रा प्रत्यक्षात किती वाजता घेतली ते त्याच कागदावर त्यांच्याकडून लिहून घेते. तुमच्या दुसऱ्या प्रत्यारोपणात हे तास किती होते, ते आठवून काढा. सहाव्या दिवसाचा ब्लास्टोसिस्टही १२० तासांच्या आसपासच सोडायचा असतो. तो सहाव्या दिवसाचा म्हणून एक दिवस उशिरा सोडला गेला नव्हता ना, हेही विचारा.

वेळेइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो औषध रक्तात पोहोचते का याचा. योनीमार्गे ठेवण्याच्या गोळ्या शाळेत दिवसभर उभे राहणाऱ्या, एसटीने ये-जा करणाऱ्या बाईच्या बाबतीत किती टिकतात, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. त्या ठेवून निदान अर्धा तास आडवे पडता आले पाहिजे. अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ साली आले, त्यात गोठवलेल्या भ्रूणांच्या चक्रात केवळ योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन दिलेल्या गटात २७ टक्के, रोज स्नायूत इंजेक्शन दिलेल्या गटात ४४ टक्के आणि दोन्हींचा मेळ घातलेल्या गटात ४६ टक्के बाळंतपणे झाली. स्पेनमधील अभ्यासांतही प्रत्यारोपणाच्या दिवशी रक्तातील पातळी साधारण नऊ नॅनोग्रॅमच्या खाली असलेल्या स्त्रियांत यश कमी आढळले. प्रत्यारोपणाच्या सुमारास रक्तातील प्रोजेस्टेरॉन एकदा पाहणे आणि कमी असल्यास इंजेक्शनाची जोड देणे, ही गोष्ट कोल्हापुरात शाहूपुरी-राजारामपुरीतील कोणत्याही प्रयोगशाळेत एका दिवसात होते. तेलातील इंजेक्शनांनी कमरेला गाठी येतात, बसताना दुखते. तरीही निवड करायचीच असेल तर मी ईआरएऐवजी त्या गाठी निवडीन.

तुमची पाळी नियमित असेल, तर औषधांचे चक्र टाळून नैसर्गिक चक्रात भ्रूण सोडण्याविषयी जरूर विचारा. त्यात स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर तुमचे अंडाशयच प्रोजेस्टेरॉन तयार करते, आणि गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका पूर्णतः औषधांवर चालवलेल्या चक्रांपेक्षा कमी आढळतो. अडचण एवढीच, की स्त्रीबीज बाहेर पडण्यापूर्वी एलएच हे संप्रेरक वाढल्याचा दिवस पकडण्यासाठी सोनोग्राफी आणि रक्ततपासणीला तीन-चार सकाळी कोल्हापुरात यावे लागते आणि प्रत्यारोपणाची तारीख आधी सांगता येत नाही. शाळेच्या परीक्षांचा महिना टाळा.

खर्चाबद्दल केंद्राला संकोच न करता विचारा. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने प्रत्येक केंद्रावर उपचाराचे फायदे, तोटे, यशाची शक्यता आणि खर्च दांपत्याला समजावून सांगण्याचे बंधन घातले आहे. ‘माझ्या वयाला आणि माझ्या इतिहासाला या तपासणीने बाळ होण्याची शक्यता किती वाढते, आणि ते कोणत्या अभ्यासावरून’ एवढा एक प्रश्न लेखी विचारला तरी पुरे. उसाचे बिल आले की किंवा सोनेतारण करून उपचार करणारी माणसे आमच्याकडे येतात, आणि शस्त्रक्रियेचे पैसे तपासणीत संपलेले पाहणे फार कठीण जाते. तुमच्याकडे दोन्हींना पुरेल एवढी रक्कम असली, तरी क्रम हाच ठेवा.

नळीचा निकाल लागला, क्षयाचा प्रश्न मिटला, तास आणि प्रोजेस्टेरॉनची पातळी नीट सांभाळली आणि तरीही उरलेल्यांपैकी दोन चांगले ब्लास्टोसिस्ट रुजलेच नाहीत, तर ईआरएविषयी बोलण्याची वेळ आली असे मी म्हणेन, आणि तेव्हाही तिचा पुरावा दुबळा आहे हे सांगूनच. त्या वेळी तपासणीच्या महिन्यात प्रत्यारोपणाच्याच महिन्याची औषधे, त्याच मात्रेत, त्याच मार्गाने आणि घड्याळाच्या त्याच वेळेला घ्यावी लागतील. तपासणीच्या महिन्यात गोळ्या आणि प्रत्यारोपणाच्या महिन्यात इंजेक्शने असे झाले, तर अहवाल एका अस्तराचा आणि भ्रूण दुसऱ्या अस्तरात, अशी स्थिती होते. तुकडा काढलाच जाणार असेल, तर त्याचा थोडा भाग सीडी-१३८ या रंगकामासाठीही पाठवायला सांगा. अस्तराची जुनाट सूज त्यातून कळते आणि ती प्रतिजैविकांनी बरी होते. तोवर डाव्या नळीची सोनोग्राफी या पाळीनंतर लगेच करून घ्या, आणि जुन्या एचएसजीच्या नुसत्या अहवालाऐवजी मूळ फिल्म बरोबर ठेवा.